ओळंबा न लागलेलं गाव

आपण अस्तित्वात आहोत हे सरकारला पटवून देण्यासाठी ज्यांना चळवळ उभारावी लागली, असे लोक स्पेनमध्ये आहेत. प्रांताचं नाव तेरुएल. १९९९ साली तिथल्या मंडळींनी जी चळवळ काढली तिचं नावच मुळी ‘तेरुएल आहे’. रस्ता द्या, रेल्वे द्या, दवाखाना द्या या मागण्या पुढच्या; आधी आम्ही आहोत एवढं तरी मान्य करा. अख्ख्या प्रांतानं राजधानीत जाऊन हयातीचा दाखला द्यावा, असा हा प्रकार. पुढे २०१९ मध्ये या चळवळीचा एक खासदार निवडून आला, आणि जानेवारी २०२० मध्ये पंतप्रधानपदाचं मतदान १६७ विरुद्ध १६५ असं झालं. त्या दिवसांत त्या एका मताचा भाव काय झाला असेल, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. २०२३ च्या निवडणुकीत ती जागा गेली. रेल्वेचं म्हणाल, तर तेरुएलहून माद्रिदला थेट गाडी अजून नाही.

तक्रार खोटी नाही. तेरुएल प्रांताचं क्षेत्रफळ सुमारे १४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षा किंचित कमी. पुणे जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत ९४ लाख माणसं निघाली. तेरुएलमध्ये आहेत १ लाख ३५ हजारांच्या आसपास. चौरस किलोमीटरला नऊ. आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये ‘क्षमता ८’ अशी पाटी असताना नऊ जण चढतात. तिथे तेवढ्यांना एक अख्खा चौरस किलोमीटर मिळतो, आणि तरीही ते नाराज आहेत.

या प्रांतात, समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर, आल्बारासीन नावाचं एक गाव आहे. स्पेनमधली सुंदर गावं म्हणून जेवढ्या याद्या निघतात त्या सगळ्यांत ते असतं. वस्ती हजाराच्या घरात.

आम्ही पाच जण गेलो. भाचा वालेन्सियात नोकरीला आहे, गाडी त्याची. त्याचे आईवडील म्हणजे माझी ताई आणि दाजी. शिवाय आम्ही दोघं. दाजी सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, पण भिंत दिसली की त्यांचा हात अजून आधी गिलाव्यावर जातो. पोपडा निघाला तर चेहऱ्यावर समाधान पसरतं. अशा माणसाला आठ-नऊशे वर्षांचं गाव दाखवायला नेणं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

बायकोच्या अपेक्षा वेगळ्या होत्या. ‘ज़िंदगी ना मिलेगी दोबारा’ आल्यापासून स्पेनमधलं खेडं म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर एकच दृश्य येतं: चौकात गिटार वाजतंय, सगळं गाव टाळ्या वाजवतंय आणि कुणीतरी सेन्योरिता गिरक्या घेत येते आहे. ते गाणं चित्रित झालं आलाहार नावाच्या गावात. ते पार खाली दक्षिणेला, वेल्वा प्रांतात. आल्बारासीनहून तिथे जायचं तर निम्म्याहून जास्त देश ओलांडावा लागतो. हे मी गाडीत सांगितलं. “मग आपण तिकडे का नाही चाललो?” असा प्रश्न आला, आणि भाच्यानं गाण्याचा आवाज वाढवला.

वाटेत तेरुएल शहर लागतं. तिथे ‘तेरुएलचे प्रेमिक’ झोपलेले आहेत. दंतकथा १२१७ सालची. दिएगो गरीब, इसाबेल श्रीमंताची मुलगी. मुलीच्या बापानं त्याला पाच वर्षांची मुदत दिली, पैसे कमवून ये. तो कमवून परत आला, पण मुदत नुकतीच संपलेली आणि त्याच दिवशी इसाबेलचं लग्न लागलेलं. त्यानं एक चुंबन मागितलं. ती म्हणाली, मी आता परक्याची. तो तिथेच गतप्राण झाला. दुसऱ्या दिवशी अंत्यविधीच्या वेळी तिनं त्याच्या कलेवराचं चुंबन घेतलं आणि तीही गेली. संगमरवरासारख्या पांढऱ्या अलाबास्टर दगडात दोघांचे पुतळे शेजारीशेजारी आडवे केले आहेत. शिल्पकार हुआन दे आवालोस. दोघांचे हात एकमेकांकडे आलेले, पण बोटं टेकलेली नाहीत, मध्ये बोटभर जागा ठेवली आहे. कारण बाई विवाहित. आठशे वर्षं झाली, दोघंही मेले, तरी शिस्त म्हणजे शिस्त.

ताईनं तिकिटाचे पैसे वसूल होईपर्यंत ते पाहिलं आणि म्हणाली, “एक दिवस आधी निघायला काय झालं होतं मेल्याला?” या कथेवर इतक्या नाटककारांनी आणि कवींनी शाई खर्च केली, पण मूळ मुद्दा इतक्या थोडक्यात कुणी मांडला असेल असं वाटत नाही.

तिथून आल्बारासीन पाऊण तासावर. ग्वादालाव्यार नदीनं डोंगराला वळसा घालून एक खोल घळ कापली आहे, आणि त्या वळशात, कड्याच्या पाठीवर, गाव दाटीवाटीनं बसलं आहे. सगळी घरं गुलाबी. नवी कोरी गुलाबी नव्हे, विटकरीकडे झुकणारी, कुठे गेरूसारखी, कुठे फिकट. इथल्या मातीतलं जिप्सम भट्टीत भाजून, दळून, त्याचाच गिलावा करतात. त्यात लोह असल्यामुळे रंग आपोआप येतो. म्हणजे गावानं रंगाची बैठक घेऊन ठराव वगैरे केलेला नाही; डोंगरच तसा आहे आणि घरं त्याचीच केलेली आहेत.

दाजी गाडीतून उतरले, मान वर केली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं भारावले.

“याला ओळंबा लावला होता का रे कुणी?” ते म्हणाले.

नव्हता. आल्बारासीनमध्ये सरळ भिंत शोधून सापडत नाही. कड्यावर जागा कमी, म्हणून तळमजला अंगठ्याएवढा, आणि मग प्रत्येक मजला खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला. लाकडाची चौकट, मध्ये भराव, वरून जिप्समचा लेप. गल्लीत खाली उभं राहिलं तर दोन माणसं अंग चोरून जातील एवढी वाट, आणि वर समोरासमोरची छपरं एकमेकांना टेकायची बाकी राहिलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं हात लांब केला तर समोरच्या घरातून विरजण मागता येईल. दाजींनी मोबाइलमधली पाणसळ काढली. मला तोवर मोबाइलमध्ये पाणसळ असते हेच माहीत नव्हतं. जी भिंत दिसेल तिला ते फोन टेकवून बघायला लागले आणि दर वेळी बुडबुडा एका टोकाला जाऊन बसू लागला. मागून येणाऱ्या फ्रेंच पर्यटकांना वाटलं की भिंतीला फोन लावला की काही माहिती ऐकू येते. त्यांनीही लावून पाहिले.

गावातलं सगळ्यात प्रसिद्ध घर हुलियानेताचं. मोलिना वेशीजवळ दोन गल्ल्या फुटतात, त्या बेचक्यात हे उभं आहे. उभं आहे हे सवयीनं लिहिलं. खालून निमुळतं, वर फुगलेलं, एका अंगाला रेललेलं, खिडक्या एकमेकींशी भांडून वेगवेगळ्या उंचीवर बसलेल्या. त्याचा एकही कोन काटकोन नाही. फोटो काढणाऱ्यांची समोर रांग. दाजींनी त्याला चहूबाजूंनी फेरी मारली, म्हणजे जेवढ्या बाजूंनी मारता येते तेवढी, आणि फोन खिशात ठेवला. पाणसळ लावण्यात अर्थ नाही इतपत परिस्थिती त्यांच्या लक्षात आली असावी.

“आमच्याकडे असतं तर कधीच धोकादायक म्हणून नोटीस चिकटवली असती,” ते म्हणाले.

“आणि?”

“आणि ती नोटीस पडेपर्यंत घर उभं राहिलं असतं.”

इथे मात्र एक गोष्ट मानली पाहिजे. हे गाव आपोआप टिकलेलं नाही. १९६१ मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला तो कागदावर. खरं काम नंतरचं. स्थानिक पोरांना गवंडीकाम, सुतारकाम, जुन्या चित्रांची डागडुजी शिकवणारी कार्यशाळा निघाली आणि १९९६ पासून सांता मारिया दे आल्बारासीन नावाची संस्था एकेक वास्तू घेऊन दुरुस्त करते आहे. हुलियानेताचं घरही तसंच सावरलं आणि तिथे कलावंतांना राहायला जागा दिली. सिमेंटचा मोह टाळून जुनं जिप्समच वापरायचं, हा तिथला बाणा. दाजींना ही माहिती फार मनाला लागली. “जिप्सम पावसात टिकतं कसं?” हा प्रश्न त्यांनी दिवसभरात भाच्याला, मला, पर्यटन कार्यालयातल्या मुलीला आणि एका मांजराला विचारला.

गुलाबी गावात एकच मोठं घर निळं आहे. नावारो दे आर्सुरियागा घराण्याचा वाडा. गावात असं सांगतात की, घरधनीण दक्षिणेकडची, आंदालुसियाची होती. माहेरच्या निळ्या-पांढऱ्या घरांची तिला आठवण यायची, म्हणून नवऱ्यानं वाडा निळा केला. खरंखोटं तो वाडा जाणे. ही गोष्ट भाच्यानं मोठ्यानं सांगितली ही त्याची चूक. बायको त्या वाड्यासमोर जरा जास्तच थांबली. आमच्या घराच्या हॉलला कुठला रंग द्यायचा हा वाद दिवाळीपासून पडून होता. तो स्पेनमध्ये निकाली निघाला.

आल्बारासीनला गाव म्हणायचं नाही. ते शहर आहे. माणसं हजार असली तरी मध्ययुगापासून शहराचा दर्जा आहे, आणि तो त्यांनी परत केलेला नाही. शहर म्हटल्यावर कॅथेड्रल आलं. ते आहे, सोळाव्या शतकातलं. बिशपचा वाडा आला. तोही आहे, आणि तिथल्या संग्रहालयात ब्रुसेल्सचे विणलेले मोठमोठे पडदे आणि स्फटिकातून कोरलेला एक मासा आहे. मासा हातभरही नसेल, पण खवला न् खवला कोरलेला. समुद्रापासून इतक्या लांब, डोंगरात, बिशपला काचेसारख्या माशाची हौस का, असा विचार मनात आला. ताई म्हणाली, “साफ करायला लागत नाही ना.”

शहराला तटबंदी लागते. आल्बारासीनची तटबंदी हा एक स्वतंत्र विषय आहे, कारण ती शहराभोवती नाहीच. म्हणजे शहरापासून सुरू होते आणि मग मागच्या उघड्याबोडक्या डोंगरावर चढत जाते, पार शिखरापर्यंत, तिथल्या दहाव्या शतकातल्या आंदादोर बुरुजाला शिवते आणि दुसऱ्या अंगानं खाली येते. आत घर नाही, झाड नाही, फक्त गवत आणि दगड. शत्रूनं वरचा डोंगर काबीज केला तर तो गावावर धोंडे लोटेल, म्हणून आधी आपणच तो भिंतीत घेऊन ठेवायचा, असा त्यातला हिशेब. दाजींनी खालून तो सगळा तट न्याहाळला. “रिकाम्या जागेला एवढं कंपाउंड! हे बिल कुणी पास केलं?”

बिल पास करणाऱ्यांचं घराणं बर्बर वंशाचं, बानू राझीन. अकराव्या शतकात त्यांचं इथे छोटेखानी राज्य होतं आणि गावाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. त्यांच्यानंतरची मंडळी मला जास्त आवडली. ११७० च्या सुमारास नावाराकडून आलेल्या पेद्रो रुइस दे आसाग्राच्या हाती हा मुलूख आला. एका बाजूला कॅस्टाइलचा राजा, दुसऱ्या बाजूला अरागॉनचा. दोघेही म्हणत, आमचे मांडलिक व्हा. आसाग्रांनी सांगितलं, आम्ही कुणाचेच नाही, आम्ही फक्त सांता मारियाचे मांडलिक. याला म्हणतात राजकारण. राजाला नकार दिला तर फौज येते. देवीचं नाव घेतलं तर राजालाही हात जोडावे लागतात. शिवाय देवी सारा वसुलीला कारकून पाठवत नाही. शंभरेक वर्षं हे चाललं. शेवटी १२८४ मध्ये अरागॉनच्या तिसऱ्या पेद्रोनं वेढा घालून गाव घेतलं. देवीचं नाव ऐकून न ऐकल्यासारखं करणारा एखादा भेटतोच.

बुरुजापर्यंत चढणं फुकट आहे आणि ते तसंच असलं पाहिजे, पैसे देऊन कुणी चढणार नाही. बायको निम्म्या वाटेवर एका दगडावर बसली आणि “तुम्ही जाऊन या, मी इथून बघते तुम्हाला” म्हणाली. वरून गाव सुरेख दिसतं. खालून डोंगर सुरेख दिसतो. हे वर गेल्यावर कळतं.

उतरलो तेव्हा सगळ्यांना कडाडून भूक लागलेली. घड्याळात साडेबारा. भाचा म्हणाला, “आत्ता काही मिळणार नाही. जेवण दीड-दोननंतर.” दाजींना बारा वाजता ताट लागतं. खात्यात असताना तपासणीला आलेल्या मुख्य अभियंत्यालाही त्यांनी त्या वेळेपुढे ताटकळत ठेवल्याच्या कथा आहेत. पण याचा उलगडा आकाशाकडे बघून होतो. स्पेन नकाशात इंग्लंडच्या खाली आहे, पण १९४० मध्ये जनरल फ्रँकोच्या सरकारनं घड्याळं जर्मनीच्या वेळेला लावली आणि मग ती मागे घ्यायची राहूनच गेली. उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. म्हणजे मे महिन्यात आल्बारासीनमध्ये सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात दोन वाजलेले असतात. स्पॅनिश माणूस उशिरा जेवत नाही, तो वेळेवरच जेवतो. घड्याळ खोटं बोलतं. हे ऐकून दाजी निवळले. सूर्याप्रमाणे जेवणाऱ्यांशी त्यांचं भांडण नव्हतं.

वार गुरुवार होता. ताईचा गुरुवार कडक. आम्ही खानावळीत बसलो, भाच्यानं मालकिणीला समजावून सांगितलं की, या बाई मांस खात नाहीत. मालकिणीला फार वाईट वाटलं. तिनं ताईच्या खांद्यावर हात ठेवला, आजारपणाची चौकशी केल्यासारखं काहीतरी विचारलं आणि आतून मसुराची उसळ आणली. उसळीत गोल गोल लाल चकत्या तरंगत होत्या. भाचा म्हणाला, हे तर सॉसेज. मालकीण म्हणाली, हो, पण ते चवीपुरतं. वाटी परत गेली. मग सॅलड आलं, त्यावर टूना मासा. मासा मांसात धरतात की काय, हे तिनं खरोखरच्या कुतूहलानं विचारलं. तिसऱ्या खेपेला हॅमचे पातळ काप आले, कारण हॅम म्हणजे हॅम, त्याला मांस कोण म्हणेल? तेरुएल हॅमच्या प्रांतात हा प्रश्न योग्यच आहे. इथल्या कोरड्या थंड हवेत ते महिनोन्‌महिने टांगून मुरवतात, आणि १९८४ मध्ये मूळ स्थानाचा सरकारी शिक्का मिळवणारा स्पेनमधला पहिला हॅम हाच. खानावळीच्या छताला तंगड्यांची रांगच होती. ताई त्यांच्याकडे पाठ करून बसली होती.

शेवटी बटाट्याचं आम्लेट आणि चीज यांवर तह झाला. अंडं मांसात धरायचं की नाही, हा प्रश्न आम्ही कुणी काढला नाही. चीज मेंढीच्या दुधाचं, इथलंच, आणि फार चांगलं. आम्हा बाकीच्यांसाठी मिगास आलं. शिळ्या पावाचा चुरा पाण्यानं ओलवून लसणाच्या फोडणीवर परततात, वर सॉसेजचे तुकडे, सोबत चक्क द्राक्षं. धनगरांचं जेवण. या डोंगरातले मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन दक्षिणेकडे हाएनच्या बाजूला उतरतात, त्यांच्या शिदोरीतलं. बायकोनं एक चमचा खाल्ला आणि ताटाकडे बघत राहिली.

“अहो, हा तर फोडणीचा कुस्करा!”

होता. रात्रीच्या पोळ्या उरल्या की सकाळी घरोघरी होतो तो. फक्त इथे त्याचे अकरा युरो. बायकोनं मनातल्या मनात रुपये केले, आणि आपण आजवर नवऱ्याला किती रकमेचा कुस्करा फुकट घातला हे मला ऐकवलं.

जेवून बाहेर आलो तर गाव मिटलेलं. दारं बंद, दुकानं बंद, मांजरंसुद्धा सावली धरून पडलेली. यावर पुण्याच्या दुकानांचा विनोद करायचा मोह होतो, पण पुणेकरांनी तो आधीच स्वतःवर करून झालेला आहे. सगळीकडे शांतता आणि दाजी मोकळे. इथल्या जुन्या दारांवर लोखंडी कड्या आहेत, त्यांचा आकार सरड्याचा किंवा छोट्या ड्रॅगनचा: वळलेली शेपटी, खवल्यांच्या खुणा, आणि डोक्याखाली ठोकायची जागा. घडाई इतकी बारीक की हात लावल्याशिवाय राहवत नाही. दाजींनी लावला. सरडा सैल आहे की नाही हे बघायला उचलला. आणि सोडला.

त्या आवाजानं अख्खी गल्ली हादरली. वरची खिडकी उघडली. ऐंशीच्या पुढच्या एक आजी, अंगावर घरातला फुलाफुलांचा झगा. दाजींनी वर बघून नमस्कार केला. आजी गडप झाल्या आणि पाच मिनिटांनी दार उघडून खाली हजर. आता काय म्हणतात, या धाकानं आम्ही तिघं पुरुष दोन पावलं मागे सरलो. ताई पुढे झाली. “सॉरी हं, उगाच त्रास झाला, एवढे जिने उतरून आलात,” असं ती मराठीत म्हणाली आणि स्वतःच्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. आजींनी ताबडतोब स्वतःचा गुडघा दाखवला. मग दोघी उंबऱ्यात टेकल्या. डावा जास्त दुखतो, उतरताना जास्त दुखतो, थंडीत तर विचारूच नका. एक मराठीत, दुसरी स्पॅनिशमध्ये, मध्ये दुभाषाची गरज कुणाला वाटली नाही. भाचा मदतीला गेला तर ताईनं त्याला हातानंच गप्प केलं. आजी आत जाऊन एक बाटली घेऊन आल्या. रोझमेरीच्या काड्या भिजत घातलेला अल्कोहोल, गुडघ्याला चोळायचा. ताईनं पर्समधून महानारायण तेलाची छोटी बाटली काढली. अदलाबदल झाली. निघताना आजींनी दाजींकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. भाचा हसला, पण भाषांतर करायला तयार होईना. ताई म्हणाली, “मला कळलं.”

दुपारी गावाबाहेरच्या पाइनच्या जंगलात गेलो. लालभडक वालुकाश्माचे प्रचंड धोंडे आणि त्यांतून उगवलेली झाडं. धोंड्यांवर चढणाऱ्यांची ही पंढरी. युरोपभरातून पोरं येतात, आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक गादी. चांगली जाडजूड, घडी करून पट्ट्यानं बांधलेली. धोंड्याखाली ती पसरायची, वर चढायचं, पडायचं, पुन्हा चढायचं. दोर नाही, शिखर नाही, धोंड्यावर देऊळ नाही. चार मीटरच्या दगडासाठी जर्मनीहून गादी घेऊन यायचं हे बायकोला पटेना. “इतक्या लांब गादी आणली आहे तर झोपा ना,” ती म्हणाली.

त्याच जंगलात एका खडकाच्या आडोशाला काही हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी पांढऱ्या रंगात बैल काढून ठेवले आहेत. नावासोचे छोटे बैल म्हणतात त्यांना. १९९८ पासून अशी चित्रं जागतिक वारशात आहेत. लोखंडी जाळीपलीकडून बघायचे. लहानसेच आहेत, पण पाठीची रेषा एका झटक्यात ओढलेली, शिंगं ऐटबाज. शेजारी कुणीही स्वतःचं नाव, बाण आणि बदाम कोरलेला नाही, हे पाहून जाळीचं महत्त्व पटलं.

संध्याकाळी सहानंतर गाव रिकामं व्हायला लागतं. सहलीच्या बसगाड्या खाली नदीकाठच्या वाहनतळावरून एकामागून एक निघतात. दिवसभर ज्यांनी “काय जपलंय, काय जपलंय” म्हणून माना डोलावल्या ते सगळे अंधार पडायच्या आत वालेन्सिया, सारागोसा, माद्रिदकडे पळतात. आम्ही मुक्काम केला होता. काही घरांत दिवेच लागले नाहीत. भाच्यानं सांगितलं, पुष्कळ घरांचे मालक शहरात असतात, ऑगस्टमध्ये येतात. दाजी उखडले. “एवढं चांगलं घर, दुरुस्तीला सरकारचा पैसा, आणि कुलूप लावून बसायचं? लाज वाटली पाहिजे.”

“आपल्या पाटणच्या वाड्याची किल्ली कुठं आहे हो?” ताईनं शांतपणे विचारलं.

“आहे माझ्याकडे.”

“मग?”

“कुलूप गंजलंय.”

रात्री नऊला बारमध्ये जेवायला गेलो. बाहेर मेमध्येही स्वेटर पुरेना. याच प्रांतातल्या कालामोचा गावी १७ डिसेंबर १९६३ ला उणे ३० अंश तापमान नोंदलं गेलं, तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. आत मात्र ऊब आणि गलका. चार म्हातारे गिन्योते नावाचा पत्त्यांचा डाव खेळत होते. पत्ता टाकायचा नाही, आपटायचा. आपटताना समोरच्याच्या सात पिढ्यांचा उल्लेख करायचा. दाजी त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी एकाच्या खांद्यावर टिचकी मारून हातातल्या एका पत्त्याकडे भुवई उडवली. म्हाताऱ्यानं तो पत्ता आपटला आणि डाव जिंकला. त्यानंतर दाजींना खुर्ची मिळाली, वाइन मिळाली आणि आम्हाला त्यांच्यासाठी साडेअकरापर्यंत थांबावं लागलं. जिप्सम पावसात कसं टिकतं हेही त्यांना तिथेच कळलं असं ते म्हणतात. त्यांच्यापैकी एक जण गवंडी होता. काय सांगितलं, ते मात्र अजून सांगत नाहीत, खात्याची गुप्तता.

तेव्हा कुणी जाणार असाल तर गाडी किंवा भाचा, दोन्हींपैकी एकाची सोय करून जा. रेल्वे नाही आणि तेरुएलहून बस फार तुरळक. शनिवार-रविवार टाळा. रबरी तळव्याचे बूट घाला, स्वेटर घ्या. शाकाहारी असाल तर मांस नको एवढ्यावर थांबू नका. हॅम नको, टूना नको, सॉसेज चवीपुरतंसुद्धा नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. आणि रात्री राहा. दिवसा तिथे पर्यटक भेटतात, गावातली माणसं नऊनंतर.